पाण्याची वेळ

मे महिन्यात कर्जत तालुक्यातले बहुतेक ओढे ठणठणीत कोरडे पडलेले असतात. पात्रातले गोटे उन्हानं इतके तापतात की अनवाणी पाऊल टेकवत नाही. त्याच तालुक्यात, त्याच उन्हात पेज नदी मात्र वाहत असते. पाणी गार, काठाला झाडांची सावली, आणि दुपारभर डुंबणारी पोरं. शेवटचा मोठा पाऊस पडून सात महिने उलटलेले असतात. मग हे पाणी येतं कुठून?

ते येतं सह्याद्रीच्या पलीकडून. घाटमाथ्यावर आंध्रा नदीला ठोकरवाडीजवळ धरण आहे. तिथलं पाणी डोंगर पोखरून कोकणाच्या बाजूला आणलेलं आहे. पोलादी नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि मग पेज नदीत उतरतं. पेज पुढे उल्हास नदीला मिळते. टाटांनी अशी तीन वीजकेंद्रं शंभर वर्षांपूर्वी उभारली: खोपोलीचं १९१५ साली, भिवपुरीचं १९२२ साली आणि भिऱ्याचं १९२७ साली. इंद्रायणीच्या खोऱ्यात लोणावळ्याच्या आसपास बांधलेल्या तलावांचं पाणी खोपोलीतून पाताळगंगेत जातं. मुळा नदीवरच्या मुळशी धरणाचं पाणी भिऱ्यातून कुंडलिकेत जातं. निसर्गानं हे सगळं पाणी पूर्वेला, भीमेतून कृष्णेकडे आणि बंगालच्या उपसागराकडे लावून दिलं होतं. गिरण्यांना, ट्रामला आणि लोकलला वीज हवी होती म्हणून माणसानं त्याची दिशा फिरवली. मुळशीचं धरण होताना मावळातली गावं आणि भातखाचरं बुडाली. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले ते याच लढ्यामुळे. कोलाडजवळ कुंडलिकेच्या पाण्यात उतरणाऱ्यानं एवढं तरी मनाशी ठेवावं की हे पाणी कुणाच्या तरी शेतावरून आलेलं आहे.

पोहणाऱ्याच्या दृष्टीनं या इतिहासाला आणखी एक बाजू आहे, आणि ती जिवाशी गाठ घालणारी आहे. वीज मोठ्या प्रमाणावर सहज साठवून ठेवता येत नाही. मागणी वाढली की जनित्रं सुरू होतात आणि नदीत पाणी सुटतं. मागणी घटली की पाणी उतरतं. कोलाडला राफ्टिंग सकाळी चालतं ते एवढ्याचसाठी, की सुटलेल्या पाण्याचा लोंढा त्या वेळी तिथून जातो. म्हणजे आकाश निरभ्र असताना, कुठंही पावसाचा थेंब नसताना नदी वाढू शकते. गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या कातळावर गेलेला माणूस तासाभरानं परत यायला निघतो तेव्हा मध्ये छातीभर धार असते. पाणी कधी सुटतं हे काठावरच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शहरातून आलेल्याला ते ठाऊक नसतं आणि तो विचारतही नाही.

मुंबईच्या भोवती स्वस्तात पोहता येईल असं पाणी जवळजवळ वर्षभर असतं. नद्या आहेत, समुद्र आहे, गरम पाण्याची कुंडं आहेत. पण यातल्या प्रत्येक पाण्याची आपली वेळ आहे, आणि ती पाळली नाही तर तेच पाणी घात करतं. दुर्दैव असं की आपण सगळे नेमके अवेळी जातो. जुलैच्या रविवारी धबधब्याखाली जत्रा भरते, आणि नोव्हेंबरच्या रविवारी, पाणी काचेसारखं नितळ झालेलं असताना, त्याच नदीवर धुणं धुणाऱ्या दोन बायांखेरीज कुणी नसतं.

खर्चाचं म्हणाल तर मुंबईकरासारखा नशीबवान कुणी नाही. मध्य रेल्वेची लोकल कर्जत, खोपोली आणि कसाऱ्यापर्यंत जाते. पश्चिम रेल्वेची लोकल एप्रिल २०१३पासून थेट डहाणू रोडपर्यंत जाते. सेकंड क्लासचं एका बाजूचं तिकीट पन्नास रुपयांच्या आत बसतं. स्टेशनाबाहेर शेअर रिक्षा मिळतात, एसटी मिळते. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट. घरून भाकरी-चटणीचा डबा नेला तर चौघांच्या कुटुंबाचा दिवस एखाद्या वॉटर पार्कच्या एका तिकिटाहून कमी पैशांत होतो. मोटार घेऊन जाण्यात शहाणपण नाही हे मी आग्रहानं सांगेन. मोटार घेऊन जाणारा थेट पाण्याशी जाऊन उतरतो, एसटीनं जाणारा गावातून चालत जातो, वाटेत चार माणसांशी बोलतो, आणि त्या चारांतलं एक तरी माणूस सांगतं, “वरच्या डोहात जाऊ नका, खालच्या वळणावर उतरा.”

आता पावसाळ्याबद्दल. मोसमी पाऊस मुंबईत सरासरीनं ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास निघतो. या चार महिन्यांत सह्याद्रीच्या पायथ्याला पाण्यात उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसात भिजावं, हिरवे डोंगर पाहावेत, धबधबा लांबून डोळे भरून पाहावा. पण त्यात उतरू नये.

कारण समजून घेतलं तर मनाई जाचक वाटत नाही. सह्याद्री काळ्या कातळाचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला हा खडक पाणी फारसं शोषत नाही. माथ्यावर पडलेला पाऊस झिरपण्याऐवजी घसरतो. कोकणातल्या नद्या आखूड आहेत. पाच-सहाशे मीटरची उतरण त्या काही किलोमीटरांत संपवतात. म्हणून माथ्यावर पडलेला सडाका थोड्याच वेळात पायथ्याला लोंढा होऊन येतो. खाली उभा असलेल्याला तो पाऊस दिसलेलाही नसतो, कारण माथा ढगात असतो आणि त्याच्या डोक्यावर कदाचित ऊन. लोंढ्याआधी काही खुणा मिळतात. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागतात, मघापर्यंत कोरडा दिसणारा दगड ओला होतो, पाण्याचा आवाज जड होतो. यातली एक जरी खूण दिसली तरी चपला शोधत बसू नये, जवळच्या उंच काठावर चढावं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती प्रवाहाच्या मधोमध एका कातळावर एकमेकांना धरून उभी होती. लोंढा वाढत गेला आणि किनारा हाताच्या अंतरावर दिसत असतानाही गाठता आला नाही.

धबधब्याखालच्या पाण्याचा आणखी एक धोका चांगलं पोहणाऱ्यांनाही ठाऊक नसतो. कोसळणाऱ्या धारेखालचं पाणी पांढरं दिसतं, कारण त्यात हवा मिसळलेली असते. अशा पाण्याची घनता कमी होते आणि ते शरीराला नीट तोलून धरत नाही. एरवी आरामात तरंगणारा माणूस तिथं खाली जातो. त्यातच धार तळाशी आपटून भोवऱ्यासारखी फिरते आणि त्याला परत धारेखाली ओढते. पोहण्याची ताकद इथं उपयोगी पडत नाही.

दरवर्षी जिल्हाधिकारी धबधब्यांवर आणि धरणांवर जमावबंदीचे आदेश काढतात. खारघरचा पांडवकडा, बदलापूरजवळचं कोंडेश्वर, भिऱ्याजवळचं देवकुंड ही नावं अशा बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. मला या आदेशांचा राग येत नाही. पाऊस सुरू असताना ते हवेतच. राग येतो तो पुढच्या गप्प बसण्याचा. उतरू नका म्हणणारा फलक जागोजागी असतो. कुठं, कधी उतरावं हे सांगणारा फलक मी क्वचितच पाहिला आहे. ज्या घरात दोन खोल्यांत सहा माणसं राहतात त्या घरातल्या पोरांना पाणी हवंच असतं. शहरातल्या तरणतलावाचं सभासदत्व त्यांना परवडत नाही. त्यांना नुसतं ‘नको’ म्हणून ती थांबत नाहीत, पोलीस नसलेल्या वाटेनं जातात, आणि ती वाट बहुधा जास्त वाईट असते.

तेव्हा नदीची खरी वेळ सांगतो. पाऊस गेल्यावर पंधरा-वीस दिवस थांबावं. ऑक्टोबरच्या शेवटी गढूळपणा खाली बसतो, पाणी नितळ होतं, तळ दिसू लागतो. तिथून जानेवारीपर्यंत उत्तर कोकणातल्या नद्यांचे सगळ्यात सुंदर दिवस. फेब्रुवारीनंतर छोटे ओढे तुटतात आणि पात्रात नुसती डबकी उरतात. उन्हाळ्यातल्या कोमट, साचलेल्या, गुरं बसणाऱ्या डबक्यात पोहू नये; अशा पाण्यात क्वचित एक अमिबा असतो, जो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो आणि मग वाचणं कठीण होतं. म्हणून उन्हाळ्यात वाहत्या नदीवरच जावं. पेज, पाताळगंगा आणि कुंडलिका घाटमाथ्यावरून सोडलेल्या पाण्यामुळे वाहतात हे वर आलंच आहे. कसारा मार्गावरची भातसा नदीही बारमाही आहे, त्याचं कारण वेगळं. भातसा धरणातलं मुंबईच्या वाट्याचं पाणी नदीतूनच खाली सोडलं जातं आणि पिसे इथल्या बंधाऱ्यावरून उचललं जातं. भातसेत डुंबायचं तर तिथं साबण किंवा शाम्पू काढू नये, कारण त्याच पाण्यावर मुंबईतल्या घराघरांत चहा होतो.

डोह निवडणं ही जुनी विद्या आहे. आपल्याकडे पोरं पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकत, आणि नदीवर त्यांच्याबरोबर कुणीतरी थोरला असे. त्या थोरल्याकडे नियम असत. पहिला, पाणी माहीत नसेल तर मुटका नाही आणि सूर तर नाहीच. पावसाळ्यात नदीचा तळ बदलतो. गेल्या वर्षी जिथं पुरुषभर पाणी होतं तिथं यंदा वाहून आलेली शिळा बसलेली असू शकते. डोकं खाली घालून घेतलेली एक उडी मान मोडते आणि माणूस जन्मभर अंथरुणाला खिळतो. दुसरा, हातात काठी घेऊन तळ चाचपत आत जायचं. आपल्या नद्यांच्या कातळात रांजणखळगे असतात. प्रवाहात सापडलेले गोटे एकाच खाचेत वर्षानुवर्षं गरगर फिरत राहतात आणि खडकाला रांजणासारखं खोल कोरतात. कुकडी नदीवर निघोजचे रांजणखळगे पाहायला लोक लांबून येतात. पाहायला ते अद्भुत आहेत, पण पाण्याखाली असा खळगा असला तर घोटाभर पाण्यातला पाय पुढच्याच पावलाला ठाव सोडतो, आणि कडा इतक्या गुळगुळीत असतात की बाहेर यायला हाताला काहीच लागत नाही. तिसरा नियम म्हणजे उतरण्याआधी प्रवाहाच्या खालच्या अंगाला काय आहे ते चालत जाऊन पाहायचं. खाली वाळूचा उथळ पट्टा असेल तर वाहून गेलेला माणूसही पायावर उभा राहतो. खाली बंधारा, मोरी किंवा अरुंद घळ असेल तर तो डोह कितीही देखणा असला तरी सोडून द्यायचा.

कपड्यांचं एक सांगायला हवं, कारण बुडण्याच्या घटनांमध्ये ते फार वेळा दिसतं. जीन्स भिजली की दगडासारखी जड होते आणि पाय हलवू देत नाही. साडी आणि ओढणी पायांत गुंडाळते. पातळ नायलॉनची अर्धी चड्डी आणि अंगाला बसणारा सदरा पुरे. शेवाळलेल्या कातळावर रबरी चप्पल घसरते. पायात पट्ट्याची सँडल असावी. आणि दारू पिऊन पाण्यात उतरू नये. हे वाक्य लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण बुडालेल्या तरुणांच्या बातम्या वाचताना ते लिहिणं भाग पडतं.

पाणी स्वच्छ आहे का, याचं उत्तर नदीच्या नावावरून मिळत नाही, जागेवरून मिळतं. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते तेव्हा पिण्याजोगी असते. बदलापूर ओलांडताना ती शहराचं सांडपाणी घेते आणि कल्याणकडे पोहोचेपर्यंत जलपर्णीनं झाकून जाते. पाताळगंगेच्या काठी खाली रसायनीचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, जैविक ऑक्सिजन मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर नसावी, आणि विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५००पर्यंत असले तर बरं, २५००च्या वर मुळीच नकोत. हे काही आपण काठावर उभं राहून मोजू शकत नाही. पण एवढं करता येतं की शहर, कारखाना आणि मोठं गाव यांच्या वरच्या अंगाला उतरावं. जखम असेल तर उतरू नये. आणि तोंडात पाणी घेऊ नये.

काही पाणी मात्र कोणत्याही ऋतूत वर्ज्य आहे. धरणांचे जलाशय त्यात पहिले. काठाजवळ गाळ असतो, त्यात पाय रुततो. तळाशी बुडालेली झाडं असतात. पाणी बाहेर सोडण्याच्या तोंडाशी ओढ असते जी वरून दिसत नाही. पवईच्या तलावात तर मगरी आहेत. दगडाच्या बंद पडलेल्या खाणींत साचलेलं हिरवं-निळं पाणी पोरांना फार भुलवतं. तिथं काठ नसतोच, सरळ कडा असतो आणि खाली एकदम वीस-तीस फूट खोली. पाणी वर कोमट आणि हातभर खाली बर्फासारखं; पायात गोळा येतो आणि धरायला काही सापडत नाही.

समुद्राकडे वळण्याआधी मुंबईच्या किनाऱ्यांचं बोलून टाकू. गिरगाव आणि जुहूच्या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळतं. पावसाळ्यात तिथं ब्ल्यू बॉटल नावाचे समुद्री जीव येतात, ज्यांचा डंख चाबकासारखा बसतो. अक्साला पाण्याची ओढ इतकी आहे की जीवरक्षक ठेवूनही माणसं बुडतात. संध्याकाळी वाळूत बसायला हे किनारे चांगले आहेत. पोहायला उत्तरेला केळवे, डहाणू, बोर्डी किंवा दक्षिणेला अलिबाग, नागाव, किहीम गाठावं. केळवे रोड स्टेशनाबाहेरून शेअर रिक्षा किनाऱ्यावर सोडते आणि सुरूच्या बनात डबा सोडता येतो. अलिबागला गेटवेवरून मांडव्यापर्यंत लाँच आहे, पुढची बस त्याच तिकिटात. पावसाळ्यात लाँच बंद असतात, आणि तेच बरोबर आहे. कोळी बांधव जून-जुलैत होड्या ओढून घेतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच दर्यात शिरतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात, तर सहलीला आलेल्यानं थांबायला काय हरकत आहे? मी तर म्हणेन, त्यानं दिवाळीपर्यंत थांबावं.

समुद्राची वेळ तिथीवर ठरते, आणि ती काढायची रीत कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. षष्ठीला साडेचार. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तासाचा हिशेब त्यातूनच आला आहे. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, आकडेमोड तीच. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला ही रीत चांगली लागू पडते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून. उत्तरेला डहाणूकडे भरती जरा उशिरा येते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते.

वेळ काढता आली की दिवस आखता येतो. समजा रविवारी षष्ठी आहे. भरती साडेचारला, म्हणजे ओहोटीचा शेवट सव्वादहाच्या सुमारास. सकाळी ओहोटीत वाळूवर हिंडावं, शंखशिंपले पाहावेत. बाराच्या पुढे पाणी किनाऱ्याकडे येत असताना पोहावं. चार वाजता बाहेर यावं. पाणी आत ओढून नेणाऱ्या ओहोटीत पोहायचं नाही. बोर्डीसारख्या सपाट किनाऱ्यावर हे नीट पाळावं लागतं. तिथं ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की त्याच्या मागे मागे जाणारा माणूस किनाऱ्यापासून फार दूर पोहोचतो, आणि भरती त्याच्या पाठीमागच्या सखल पट्ट्यात आधी शिरते. तो उभा असतो त्या उंचवट्यावर घोटाभर पाणी असतं तेव्हा त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये गळ्याइतकं पाणी असू शकतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेले लोक याच रीतीनं अडकतात.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. मुंबईत तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस. तेव्हा फरक निम्म्याहूनही कमी. तेवढ्याच वेळात कमी पाणी हलायचं असल्यानं ओढही कमी. म्हणून सहलीला भांगाचे दिवस निवडावेत. पण भांग म्हणजे अभय नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, आणि पौर्णिमा होऊन आठवडा उलटला होता.

किनाऱ्यावर ओढ कुठं आहे हे बघायला शिकावं. लाटांनी वर आणलेलं पाणी परत जाताना एखादी खोलगट वाट धरतं. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून तो पट्टा दोन्ही बाजूंच्या फेसाळ पाण्यापेक्षा शांत दिसतो. नवखी माणसं शांत पाणी बघून नेमकी तिथंच उतरतात. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. पाचच मिनिटांत दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहावं. वाट अरुंद असते, तिच्या बाहेर पडलं की लाटाच परत आणतात.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हेही घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं. ओरडायला श्वास लागतो आणि त्याचं तोंड तर पाण्याखाली-वर होत असतं. हात हलवून बोलावणंही त्याला जमत नाही. डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, शरीर उभं, आवाज नाही: असं दिसलं की तो खेळत नसतो. आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत दरवर्षी ३५ हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात, आणि यातल्या किती घटनांमध्ये एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरलेला असतो! उडी मारू नये. वीस-पंचवीस फूट दोरी आणि घट्ट झाकणाचा रिकामा पाच लिटरचा कॅन पिशवीत असावा. कॅन दोरीला बांधून फेकायचा. दोरी नसेल तर साडी, ओढणी, बांबू, काहीही, पण आपण काठावर आडवं पडून. बाहेर काढल्यावर पोट दाबत किंवा उलटं धरून पाणी काढत वेळ घालवू नये. श्वास नसेल तर तोंडावाटे श्वास द्यावा, छाती दाबत राहावं आणि कुणीतरी ११२ किंवा १०८ला फोन लावावा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेचे स्वयंसेवक वर्षानुवर्षं दऱ्यांत आणि धबधब्यांत उतरून लोकांना बाहेर काढतात, पण ते पोहोचेपर्यंतची पहिली मिनिटं आपलीच असतात.

गावकऱ्यांनी गाडीमागे वीस-तीस रुपये घेतले की शहरातले लोक कुरकुर करतात. मला ते पैसे द्यायला आवडतं. माझी इच्छा एवढीच आहे की त्या पैशातून काठावर एक दोरी, हवा भरलेल्या चार ट्यूबा आणि पोहणारा एक पगारी तरुण उभा राहावा, आणि पाणी सुटण्याची वेळ खडूनं फळ्यावर लिहिली जावी. देवकुंडला भिऱ्याची मुलं वाटाड्या म्हणून जातात; तिथं कुंड किती खोल आहे हे तीच सांगतात. हे काम हंगामापुरतं प्रत्येक डोहावर होऊ शकतं. आदिवासी पाड्यांतल्या ज्या मुलांना तो डोह अंगणासारखा माहीत आहे त्यांना यात रोजगारही आहे.

ज्यांना पोहता येत नाही, किंवा ज्यांच्या घरात सांधे धरलेली आजी आहे, त्यांच्यासाठी हिवाळ्यातलं गरम पाणी आहे. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथं गरम पाण्याचे झरे आहेत. १७३९ साली वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडायला वज्रेश्वरीचं देऊळ बांधवलं, गणेशपुरीला नित्यानंद स्वामी राहिले, आणि कुंडावर आंघोळ करून दर्शनाला जाण्याची रीत पडली. वसई किंवा विरारहून तिकडे जाता येतं. रायगडात पालीच्या बल्लाळेश्वराजवळ उन्हेरेची कुंडं आहेत, महाडजवळ सव आहे. पालघरपासून थेट राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची एक रांग किनाऱ्याला समांतर गेलेली आहे. इथं जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकातल्या खोल भेगांतून खाली जातं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. काही झरे नुसते कोमट, काही सत्तर अंशांच्या घरात जाणारे. म्हणून एकाच ठिकाणची दोन कुंडंही सारखी नसतात, आणि आधी हात घालून पाहिल्याशिवाय लहान मुलाला आत सोडायचं नसतं.

इथं दहा मिनिटं बसावं, बाहेर यावं, पाणी प्यावं, हवं तर पुन्हा बसावं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात आणि एकदम उठलं की घेरी येते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर पोहोचलं तर कुंडाचं पाणी गर्दीनं ढवळलेलं नसतं. देवीच्या जत्रेचे दिवस आणि मंगळवार टाळावेत, आणि परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवावी.